धरून राहिलेले चाक

जुन्या गाडीचा मागचा ब्रेक धरून राहू लागला, तरी गाडी बिघडली आहे हे मालकाच्या बहुधा लक्षात येत नाही. ब्रेक लागेनासा झाला की माणूस त्याच दिवशी गॅरेज गाठतो. ब्रेक सुटेनासा झाला तर मात्र पेट्रोलमधली भेसळ, इंजिनाचे वय, टायरमधली कमी हवा अशी कारणे महिनोन् महिने पुरतात. गाडी चालत असते, थांबतही असते. फक्त चढावर तिसऱ्या गिअरऐवजी दुसरा टाकावा लागतो, अ‍ॅव्हरेज घसरते आणि जी गाडी पूर्वी सोसायटीच्या उतारावरून आपसूक सुटायची, ती आता ढकलावी लागते.

फियाट ११०० डिलाइट आणि तिचीच पुढची आवृत्ती असलेली प्रीमियर पद्मिनी, अँबॅसेडर, मॉरिस मायनर, फोक्सवॅगन बीटल या गाड्या भारतात आजही हौसेने सांभाळल्या जातात. त्यांच्या मूळ घडणीत चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. कुर्ल्याच्या कारखान्यातून डिलाइट १९६४ पासून बाहेर पडू लागली आणि पद्मिनी हे नाव १९७४ मध्ये आले. म्हणजे पहिल्या पद्मिनींनीही आता पन्नाशी ओलांडली आहे. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये वेगळे नियम काढले. त्यानुसार 'व्हीए' मालिकेचा क्रमांक घेतलेली गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा मोजक्या कामांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. ब्रेकच्या दृष्टीने ही व्यवस्था फारशी हिताची नाही. या गाड्यांचे ब्रेक झिजून कमी आणि उभे राहून जास्त बिघडतात. मुंबईत किंवा कोकणात जूनमध्ये कव्हर घालून ठेवलेली गाडी दसऱ्याला बाहेर काढली की मागची चाके धरलेली सापडणे, हे जुन्या मेस्त्र्यांच्या लेखी ठरलेले आहे.

ड्रमच्या आतली रचना मोजक्या भागांची आहे. चाकाबरोबर फिरणारा बिडाचा ड्रम, त्याच्या आत न फिरणारी पत्र्याची बॅकप्लेट, तिच्यावर समोरासमोर बसवलेले अर्धचंद्राकार दोन शू, शूवर रिव्हेटने किंवा चिकटवून बसवलेले लायनर, आणि शूंना बाहेर ढकलणारा व्हील सिलिंडर. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधले ऑइल पाइपांतून येते, व्हील सिलिंडरचे पिस्टन सरकतात आणि लायनर ड्रमला टेकतात. पेडल सोडले की शूंना परत खेचण्याचे काम फक्त स्प्रिंग करतात. ब्रेक लावताना माणसाच्या पायाचा जोर, तरफेचा फायदा आणि ऑइलचा दाब असे सगळे मदतीला असते. सोडताना मात्र स्प्रिंगशिवाय कोणी नाही. लायनर आणि ड्रम यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. तेवढे अंतर परत येताना वाटेत कुठेही अडथळा आला, की ब्रेक धरतो.

त्यातच पुढचा शू स्वभावाने आक्रमक असतो. ड्रम ज्या दिशेला फिरतो त्याच दिशेने तो बाहेर उघडतो, त्यामुळे एकदा टेकला की ड्रमच त्याला आणखी आत ओढून घेतो. थांबताना हा गुण उपयोगी आहे. पेडलवर फार जोर द्यावा लागत नाही. पण शू किंचितसा टेकलेला राहिला तर हाच गुण अंगाशी येतो. घर्षणाने ड्रम तापतो, लायनर फुगतो, फट आणखी कमी होते. म्हणूनच निघताना जेमतेम जाणवणारी ओढ पाच-सात किलोमीटरनंतर जळका वास येण्यापर्यंत वाढलेली असते.

शोध रस्त्यावरच सुरू करावा, पाना हातात घेण्याआधी. गाडी थंड असताना सपाट जागी न्यूट्रलमध्ये टाकून हाताने ढकलावी आणि किती जोर लागतो ते लक्षात ठेवावे. मग पंधरा-वीस मिनिटे चालवून आणावी, शेवटचा टप्पा शक्यतो ब्रेक न लावता, वेग आपोआप कमी होऊ देत. थांबल्यावर पुन्हा ढकलावी. थंड असतानाही जड आणि गरम झाल्यावरही तितकीच जड असेल तर बहुधा यांत्रिक अडथळा आहे: हँडब्रेकची केबल, शूंची फट जुळवणारा अ‍ॅडजस्टर, गंजलेला पिस्टन. थंडपणी मोकळी आणि चालवल्यावर हळूहळू जड होत गेली, शिवाय पेडल वर येऊन टणक लागू लागले, तर ऑइलचा दाब कुठेतरी अडकून राहतो आहे. या एका फरकावर निम्मे निदान होते.

त्यानंतर चाकांची उष्णता पाहावी. तापलेल्या ड्रमला हात लावू नये. तळहात चाकाच्या रिमजवळ नेला तरी फरक कळतो. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तमच. चारही चाके सारखी तापली असतील तर दोष चौघांच्या सामाईक भागात, म्हणजे पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्या आसपास. मागची दोन्ही तापली आणि पुढची थंड असतील तर दोष मागच्या दोघांत सामाईक असलेल्या गोष्टीत: मागचा होज पाइप किंवा हँडब्रेक. एकच चाक तापले तर त्याच ड्रमच्या आत, किंवा त्या बाजूच्या केबलमध्ये.

इथे गाडीची घडण माहीत असणे कामी येते. अँबॅसेडरसारख्या पाट्यांवर बसवलेल्या सलग एक्सलच्या गाडीत बॉडीपासून एक्सलपर्यंत एकच रबरी होज येतो आणि तिथून दोन्ही चाकांकडे धातूच्या नळ्या फुटतात. त्यामुळे होज बिघडला तर दोन्ही चाके धरतात; डावे धरले आणि उजवे मोकळे आहे असे असेल तर होजवर संशय घेण्यात अर्थ नाही. बीटलमध्ये मागची चाके स्वतंत्र हलतात आणि प्रत्येकाला आपापला होज असतो. तिथे एकच चाक धरले तरी होज संशयितांच्या यादीत राहतो. हँडब्रेकचेही तसेच. बहुतेक मोटारींत तो केबलने मागच्याच शूंवर काम करतो, पण जुन्या विलीज जीपमध्ये आणि लँडरोव्हरमध्ये त्याचा ड्रम प्रॉपेलर शाफ्टवर असतो. तिथे मागच्या चाकांच्या ओढीला हँडब्रेकची केबल जबाबदार असूच शकत नाही.

आता गाडी वर घ्यायची. हँडब्रेक सोडायचा असल्याने पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावणे आणि मागचा एक्सल स्टँडवर टेकवणे ही पूर्वअट आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नये. गिअर न्यूट्रलमध्ये हवा. मागची दोन्ही चाके अधांतरी असताना एक चाक हाताने फिरवले की डिफरन्शियलमुळे दुसरे उलट दिशेने फिरू लागते. दुसरे चाक धरलेले असेल तर ते न फिरता प्रॉपेलर शाफ्ट फिरतो, आणि हातातल्या चाकाला शाफ्टचे आणि गिअरबॉक्समधल्या ऑइलचे वजन जाणवते. नवख्याला हीच ओढ ब्रेकची वाटते. म्हणून समोरचे चाक दुसऱ्या कोणी धरून ठेवावे, मग आपले चाक फिरवावे, आणि पुन्हा बाजू बदलून करावे. दोन्ही वेळा लागणाऱ्या जोरातला फरक हा ब्रेकचा.

चाक फिरवताना कानही उघडे हवेत. फेरीत एकदाच, ठरावीक जागी 'शर्र' होऊन पुन्हा मोकळे होत असेल तर ड्रम अंडाकृती झाला आहे किंवा नीट बसलेला नाही. सतत एकसारखा घासण्याचा आवाज असेल तर शू मागे सरकलेला नाही. घरघर असेल, किंवा वरखाली धरून हलवल्यावर चाक खेळत असेल तर बेअरिंग गेले आहे, आणि ब्रेकचा बिचाऱ्याचा काही दोष नाही.

यानंतरची चाचणी सगळ्यात महत्त्वाची. ती दोन पायऱ्यांत करायची. आधी हँडब्रेकची केबल तिच्या अ‍ॅडजस्टिंग नटापाशी पूर्ण सैल करायची आणि चाक पुन्हा फिरवून पाहायचे. मोकळे झाले तर दोष केबलचा किंवा तिच्या जुळणीचा. नाही झाले तर कोणाला तरी दोन-तीनदा पेडल दाबून सोडायला सांगायचे आणि मग धरलेल्या चाकाच्या बॅकप्लेटमागची ब्लीडिंग निपल अर्धा आटा उघडायची. निपल उघडताच चाक सुटले, तर शू दाबाखाली होते आणि ड्रमच्या आत बहुधा काही बिघडलेले नाही. ज्याने तो दाब परत जाऊ दिला नाही, तो गुन्हेगार मागे पाइपांत कुठेतरी आहे. निपल उघडूनही चाक तसेच राहिले तर ऑइलकडचे सगळे निर्दोष, आणि ड्रम उघडायलाच हवा. पाच मिनिटांच्या या चाचणीला फाटा देऊन चारही चाकांची किट, मास्टर सिलिंडर आणि होज एकदमच बदलण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. जुन्या गाडीच्या बाबतीत तो वाईट सल्ला आहे. नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळणारे नवे रबर मूळच्या प्रतीचे असेलच असे नाही, आणि काढून टाकलेला मूळ सिलिंडर पुन्हा मिळत नाही.

निपल उघडल्यावर जे दिसते ते वाचताना एक चूक सहज होते. ऑइलची छोटी चिळकांडी उडाली की 'दाब अडकलाय' असा निष्कर्ष काढला जातो. पण ड्रम ब्रेकच्या अनेक मास्टर सिलिंडरांत तोंडाशी एक झडप मुद्दाम बसवलेली असते. ती पाइपांत दर चौरस इंचाला दहा-बारा पौंडांच्या आसपास दाब कायम ठेवते, म्हणजे व्हील सिलिंडरमधल्या रबरी बकेटांच्या कडा भिंतीला चिकटून राहतात आणि हवा आत शिरत नाही. एवढ्या दाबाला शूचे स्प्रिंग सहज पुरून उरतात. म्हणून चिळकांडीकडे न पाहता चाकाकडे पाहायचे: ते सुटले का? मात्र स्प्रिंग ढिले पडले असतील तर हाच किरकोळ दाब शूंना ड्रमशी टेकवून ठेवायला पुरतो. तेव्हा निपल उघडल्यावर चाक सुटते, दोष ऑइलच्या बाजूचा वाटतो, आणि प्रत्यक्षात तो असतो थकलेल्या स्प्रिंगमध्ये. पुन्हा पुन्हा होज बदलूनही जी गाडी सुधारत नाही, तिच्यात हे कोडे निघण्याचा संभव असतो.

दाब अडकला आहे हे ठरल्यावर तो कुठे अडकला ते चाकाकडून पेडलकडे एकेक सांधा मागे जात शोधायचे. पेडल दाबून सोडायचे, आणि होजच्या बॉडीकडच्या टोकाला जिथे धातूची नळी येऊन मिळते तिथला नट सैल करायचा. तिथे ऑइल ठिबकले पण चाक सुटले नाही, आणि नंतर निपल उघडताच सुटले, तर होजच दोषी. बाहेरून असा होज ठणठणीत दिसतो. आतले रबर मात्र वर्षानुवर्षे ऑइलमध्ये राहून फुगलेले असते, किंवा त्याचा पापुद्रा सुटून झडपेसारखा लोंबत असतो. पायाच्या जोराने ऑइल त्याला बाजूला सारून चाकाकडे जाते. परतताना स्प्रिंगचा जोर तेवढा नसतो आणि पापुद्रा वाट बंद करतो. मग तासाभराने, झिरपत झिरपत, ब्रेक आपोआप मोकळा होतो आणि गॅरेजात नेईपर्यंत गाडी अगदी शहाण्यासारखी वागते. असा होज दुरुस्त होत नाही, बदलायचा असतो.

त्या नटापाशीच चाक सुटले तर आणखी मागे, मास्टर सिलिंडरकडे जावे लागते. मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टन पूर्ण मागे आला की टाकीकडे जाणारे एक अगदी बारीक छिद्र उघडे होते. चालताना तापून फुगलेले ऑइल या छिद्रातून टाकीत परत जाते. पिस्टन एखादा मिलिमीटर जरी पुढे अडून राहिला तरी रबरी बकेट छिद्रावरच थांबते, फुगणाऱ्या ऑइलला जागा मिळत नाही, आणि पाय न लावताच ब्रेक लागू लागतात. पिस्टन अडून राहण्याची कारणे पुष्कळदा साधी निघतात. पेडल आणि पिस्टन यांच्यामधल्या दांड्याला मोकळीक हवी. बीटलमध्ये ती १ मिलिमीटर सांगितलेली आहे. 'पेडल खाली जातंय' म्हणून कोणीतरी हा दांडा लांब करून ठेवलेला असतो. पेडलचा परतीचा स्प्रिंग तुटलेला असतो, पेडलचा पिव्होट गंजलेला असतो, किंवा नवे जाड मॅट पेडलखाली दुमडलेले असते. मॉरिस मायनरचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, फरशीच्या पत्र्याखाली असतो. ओल्या गालिच्याची आणि रस्त्यावरच्या पाण्याची तिथे सारखीच सोबत असल्याने त्या गाडीत हे दुखणे विशेष आढळते.

छिद्र उघडे आहे की नाही हे पाहण्याची युक्ती जुनी आणि खात्रीची आहे. टाकीचे झाकण काढायचे, आत पाहायचे आणि कोणाला तरी पेडल अगदी हळू दाबायला लावायचे. दाबायला सुरुवात होताच ऑइलच्या पृष्ठभागावर एक छोटी उकळी फुटते, कारण बकेट छिद्राच्या पुढे जाईपर्यंत थोडे ऑइल टाकीत परत फेकले जाते. उकळी दिसली तर छिद्र मोकळे. काहीच हालचाल झाली नाही तर आधी दांड्याची मोकळीक तपासावी, तीही ठीक असेल तर सिलिंडर उतरवून साफ करावा. वरून तार खुपसून छिद्र साफ करण्याचा मोह आवरावा. तारेने छिद्राची कड उचलली गेली की नवी बकेट पहिल्या आठवड्यातच कापली जाते.

चौघेही ब्रेक एकदम धरू लागले आणि त्याआधी नुकतेच कोणीतरी ऑइल टाकले असेल, तर टाकीत काय ओतले गेले याची चौकशी करावी. ब्रेक ऑइलला ऑइल म्हणण्याची पद्धत असली तरी ते खनिज तेल नव्हे. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचे तेल यात पडले की रबर फुगते: बकेटा, होज, सगळेच. टाकीच्या झाकणाखालचे रबरी वॉशर फुगून वाकडे झाले असेल तर पुरावा मिळाला. मग धुऊन चालत नाही, व्यवस्थेतले एकूण एक रबर बदलावे लागते. निदान करताना ज्या खर्चाला कोणी घाबरावे असा हा एकच प्रसंग.

निपल उघडूनही चाक न सुटल्यास ड्रम काढायचा. अ‍ॅडजस्टर आधी पूर्ण मागे घ्यावा, कारण झिजलेल्या ड्रमला आतल्या कडेला ओठ आलेला असतो आणि शू त्यात अडकतात. ड्रमच्या चेहऱ्यावर आट्यांची छिद्रे दिलेली असतील तर त्यांत बोल्ट पिळून तो सरळ बाहेर ओढता येतो. कडेवर हातोडा मारू नये. बीड वाकत नाही, तडकते. आतली काळी भुकटी हवेने उडवायची नाही. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचे, आणि त्याची धूळ फुफ्फुसात गेली की तिथेच राहते. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे.

ड्रम निघाल्यावर लगेच काही खोलू नये. आधी दहा मिनिटे नुसते पाहावे. ड्रमच्या आतल्या पृष्ठभागावर निळसर डाग असतील तर तिथे तो फार तापला आहे. सबंध पृष्ठभागाऐवजी एका अर्ध्या भागातच चमक असेल तर ड्रम गोल राहिलेला नाही. लायनर एका टोकाशी जास्त झिजला असेल तर शू वाकडा बसतो आहे. मग बॅकप्लेटवर शूच्या कडा जिथे टेकतात ते उंचवटे पाहावेत. दर बाजूला बहुधा तीन असतात. वर्षानुवर्षांच्या घासण्याने त्यांत खाचा पडतात आणि सरकणारा शू त्या खाचेत रुततो. ही जागा तपासायची राहूनच जाते, कारण शू बसलेले असताना ती दिसत नाही. नखाने चाचपली तरी खाच कळते. ती वेल्डिंगने भरून पुन्हा सपाट घासावी आणि ब्रेकसाठीच्या ग्रीसचा अगदी पुसट हात द्यावा. साधे ग्रीस वितळून लायनरवर येते.

व्हील सिलिंडरची परीक्षा शू जागेवर असतानाच होते. दुसरा ड्रम जागेवर ठेवायचा, शूंना बाहेरून क्लॅम्पचा आधार द्यायचा म्हणजे पिस्टन निसटत नाहीत, आणि कोणाला तरी पेडल किंचित दाबून सोडायला सांगायचे. शू जातो झटकन आणि परत येतो रेंगाळत, किंवा दोघांपैकी एकच येतो. जो रेंगाळतो त्याच्या बाजूचा पिस्टन गंजलेला. त्याच्या तोंडावरचे रबरी टोपण उचलले की खाली तपकिरी चिखल दिसतो. गंज चढवणारे पाणी बहुधा ऑइलमधूनच येते. ग्लायकॉलवर आधारलेले ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो, पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच अट १४० अंशांवर येते. तापलेल्या ड्रमशेजारी १४० अंश ही काही मोठी गोष्ट नाही. ऑइल उकळले की पाइपांत वाफ होते, आणि सकाळी सुटत नसलेला ब्रेक दुपारी घाटात लागतच नाही. पॉलिश पेपरने पुसून जाणारे डाग असतील तर नवे किट बसवावे. नख अडकेल असे खड्डे असतील तर सिलिंडर लेथवर बोअर करून पितळी किंवा स्टेनलेस स्लीव्ह बसवावी, किंवा नवा सिलिंडर घ्यावा. खड्ड्यांवर नवी बकेट टिकत नाही.

स्प्रिंगांबद्दल मेस्त्री लोकांची एक परीक्षा आहे. काढलेला स्प्रिंग सिमेंटच्या फरशीवर टाकायचा. वेटोळी घट्ट मिटलेली असतील तर 'धप्' असा मुका आवाज येतो. ताणून सुटलेला स्प्रिंग खणखणतो. परीक्षा ढोबळ आहे, पण तिच्या मुळाशी खरे कारण आहे: वेटोळ्यांत फट राहिली की ती कंप पावतात. त्याहून सोपे म्हणजे उजेडाकडे धरून वेटोळ्यांमधून प्रकाश दिसतो का ते पाहणे. स्प्रिंग नेहमी दोन्ही चाकांचे जोडीने बदलावेत. आणि कोणता स्प्रिंग कोणत्या भोकात होता याचा फोटो खोलण्याआधी काढून ठेवावा. वरचा खाली लागला तरी ड्रम बसतो, ब्रेकही लागतो. सुटत मात्र नाही.

हँडब्रेकची केबल हा स्वतंत्र अध्याय व्हावा इतका त्रास देते. ओलसर हवेत तिच्या म्यानात पाणी शिरते, आतली तार गंजते, आणि ओढल्यावर सरकलेली तार सोडल्यावर परत जात नाही. ड्रमच्या आत केबलने ओढली जाणारी तरफ असते. ती विसावल्यावर शूला नीट टेकली पाहिजे. पेन्सिलच्या जाडीइतकी जरी ती पुढे राहिली तरी शू बाहेर ढकललेलेच राहतात. पण केबलपेक्षा मोठा अपराध केबल आखडण्याचा. लायनर झिजले की हँडब्रेक वर येतो. तेव्हा शू अ‍ॅडजस्ट करायला चाकाखाली जाण्याऐवजी केबलचा नट दोन आटे पिळला जातो, कारण ते काम सोपे आहे. हँडब्रेक धरू लागतो, मालक खूश होतो, आणि तरफ कायमची अर्धवट ओढलेली राहते. मग नवे लायनर बसवले की दोन्ही चाके जाम. योग्य क्रम उलटा आहे: केबल पूर्ण सैल, मग शूंची जुळणी, शेवटी केबल.

शूंची जुळणी गाडीगणिक वेगळी असते. कुठे ड्रमच्या किंवा बॅकप्लेटच्या खिडकीतून स्क्रूड्रायव्हरने दातेरी चक्र फिरवायचे असते, कुठे बॅकप्लेटमागचा चौकोनी डोक्याचा बोल्ट पाव-पाव फेरीने 'टक' असा फिरवायचा असतो. पद्धत मात्र एकच. चाक अडेपर्यंत पिळायचे, पेडल एकदा जोरात दाबायचे म्हणजे शू आपली मधली जागा घेतात, पुन्हा अडेपर्यंत पिळायचे आणि मग चाक मोकळे फिरेपर्यंतच मागे यायचे. अगदी पुसट, एकसारखा स्पर्श ऐकू आला तर हरकत नाही. नव्या लायनरांची गोलाई ड्रमशी जुळत नसेल तर मध्येच किंवा टोकांनाच टेकत असतात. ड्रमला टर्निंग मारून व्यास वाढला असेल तर हे हमखास होते. तिथे पिळत बसण्यात अर्थ नाही. लायनर घासून ड्रमच्या मापाला आणावे लागतात.

पावसाळ्यानंतर पहिल्यांदा गाडी काढताना चाक हलतच नाही, तो प्रकार या सगळ्याहून निराळा आहे. ड्रमवर गंजाचा पातळ थर चढून लायनर त्याला चिकटलेला असतो. गाडी मागे-पुढे हलकेच झुलवली की 'कट्' होऊन तो सुटतो आणि पुढे काही ओढ राहत नाही. क्लच सोडून इंजिनाच्या जोरावर उपटू नये. चिकटवलेला लायनर शूपासूनच उखडून ड्रममध्ये अडकतो, आणि मग खरोखरचा बिघाड होतो.

ऑस्टिन सेव्हन किंवा फोर्डची मॉडेल ए यांच्या वयाच्या गाड्यांत ऑइल नसतेच. दांड्या, केबल आणि तरफा असतात. फोर्डने आपल्या गाड्यांना हायड्रॉलिक ब्रेक दिले ते १९३९ मध्ये. तिथे निपलची चाचणी बाद होते आणि ड्रमबाहेरचा प्रत्येक पिव्होट सुटा करून हाताने हलवून पाहावा लागतो.

दुरुस्ती झाल्यावर पुन्हा तीच पंधरा मिनिटांची फेरी मारावी आणि मागच्या दोन्ही चाकांची उष्णता ताडून पाहावी. ती कोमट आणि सारखी असावी. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे, गाडी फिरली असो वा नसो. महिनाभर उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नये. पहिला गिअर टाकून चाकांना ठोकळे लावावेत आणि आठवड्यातून एकदा चार पावले का होईना, गाडी पुढे-मागे करावी.